थंडरबर्डमध्ये आलेले पॅच गिटमध्ये नीट कसे घ्यावेत?

अर्धविराम

सात पॅचची (कोडमधल्या बदलांची) मालिका मेलने आली आहे. विषयाच्या सुरुवातीला [पॅच व्ही२ १/७] असं, मग २/७, ३/७. जोडलेली फाइल नाही, डिफ (बदललेल्या ओळींची नोंद) मेलच्या मजकुरातच आहे. पहिला मेल उघडून डिफ सिलेक्ट केला, फाइलमध्ये चिकटवला आणि गिट अप्लाय चालवलं तर "करप्ट पॅच ॲट लाइन ३१". दुसऱ्या मेलवर तेच केलं तर "पॅच डझ नॉट अप्लाय". शाखा बरोबर आहे, आजच ओढून घेतली आहे.

हे सातही पॅच लेखकाचं नाव आणि कमिट (गिटमधली बदलाची नोंद) संदेशासकट एकदम कसे घ्यायचे? वेबवर पुल रिक्वेस्ट नाही, फक्त मेल आहेत. लिनक्स आणि थंडरबर्ड.

(आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकतोय.)

तिरपा_कंस

चूक चिकटवण्यात आहे, पॅचमध्ये नाही. पडद्यावर दिसतो तो मेल नव्हे, मेल प्रोग्रॅमने वाचायला सोपं जावं म्हणून मांडलेलं त्याचं रूप. त्या मांडणीत टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी मोडतात, ओळीच्या शेवटचे स्पेस गळतात. माणसाला फरक कळत नाही, गिटला मात्र एकेका बाइटशी देणंघेणं असतं.

दोन्ही त्रुटींचा अर्थ वेगळा आहे. डिफमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर @@ -१२,७ +१२,९ @@ असं काहीतरी असतं: जुन्या फाइलमधल्या बाराव्या ओळीपासून ७ ओळी, नव्यात ९. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर स्पेस, अधिक किंवा उणे असलंच पाहिजे. लांब ओळ मोडली की उरलेला भाग नव्या ओळीवर येतो, त्याच्या पुढे यातलं काहीच नसतं आणि मोजणीही चुकते. ते झालं "करप्ट पॅच". टॅबच्या जागी स्पेस आल्या तर रचना शाबूत राहते, पण आजूबाजूच्या ओळी फाइलशी जुळत नाहीत. ते "डझ नॉट अप्लाय".

यावर --इग्नोर-व्हाइटस्पेस लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका. त्याने जुळवणी सैल होते, पण अधिक चिन्हाच्या ओळी चिकटवलेल्या स्पेससकट फाइलमध्ये जातात. मेकफाइल असेल तर पुढच्या बिल्डला "मिसिंग सेपरेटर" ठरलेलं, कारण तिथे आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो.

करायचं असं. यादीत १/७ ते ७/७ हे सात मेल कंट्रोल दाबून निवडा. प्रतिसाद नकोत, ०/७ (प्रस्तावनेचं पत्र) सुद्धा नको. मग फाइल मेनूतून सेव्ह ॲज, फाइल, आणि एक रिकामा फोल्डर. प्रत्येक मेलची एक .ईएमएल फाइल होईल. मेल जसा आला तसाच, हेडरसकट. मग रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिट फोल्डरात):

गिट स्विच -सी मालिका-व्ही२
गिट एएम -३ ~/पॅच/*.ईएमएल

एएम म्हणजे अप्लाय मेलबॉक्स. लेखक फ्रॉम हेडरमधून येतो, तारीख डेट हेडरमधून, कमिटची पहिली ओळ विषयातून (चौकटी कंसातला भाग काढून), बाकी संदेश मजकुरातून. तीन उण्यांच्या ओळीखाली डिफ सुरू होईपर्यंत जे लिहिलेलं असतं ते टाकून दिलं जातं. "व्ही१ पासून काय बदललं" ही टिपणं म्हणूनच तिथे लिहितात.

पोकळ_पॉइंटर

+१. रिकामा फोल्डर या शब्दाखाली दोन रेघा ओढा. फाइलचं नाव विषयावरून पडतं आणि शेल नावांच्या क्रमाने फाइली देतो. त्याच फोल्डरात व्ही१ पडून असेल तर दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ लागायला जातात आणि भलत्याच ठिकाणी अडतं. दहाच्या वर पॅच असले तर गिट फॉरमॅट-पॅच आकड्याआधी शून्य लावतं (०१/१२), त्यामुळे क्रम बिघडत नाही. विषय हाताने लिहिलेला असेल तर १०, २ च्या आधी जाऊन बसतो.

झाडाचं_पान

ईएमएल काढण्याचीही गरज नाही. थंडरबर्ड मुळात फोल्डर एमबॉक्स (एका फाइलीत अनेक मेल) स्वरूपात ठेवतं आणि गिट एएमला एमबॉक्सच हवा असतो. लोकल फोल्डर्सखाली "पॅच" नावाचा फोल्डर करा आणि त्यात सातही मेल कॉपी करा, क्रमाने. डिस्कवर त्याच नावाची, विस्तार नसलेली एक फाइल तयार होते. शेजारी त्याच नावाची .एमएसएफ फाइल दिसेल. ती नुसती अनुक्रमणिका, तिला हात लावू नका. जागा शोधायला हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, प्रोफाइल फोल्डर, मग मेल आणि त्यात लोकल फोल्डर्स. वाटेत स्पेस आहे, म्हणून पूर्ण वाट अवतरणचिन्हांत:

गिट एएम -३ "…/मेल/लोकल फोल्डर्स/पॅच"

रोज मालिका येत असतील तर हे फार सुटसुटीत पडतं.

तिरपा_कंस

सुटसुटीत आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला किंवा दुसरीकडे हलवला तरी एमबॉक्स फाइलमधून तो लगेच जात नाही. फक्त एक्स-मोझिला-स्टेटस हेडरमध्ये खूण होते आणि यादीतून तो दिसेनासा होतो. ती खूण गिटला कळत नाही. मागच्या आठवड्यातले "पुसलेले" पॅचही ते इमानेइतबारे लावायला घेतं. म्हणून दरवेळी फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट, मगच गिट एएम.

दुसरं, फाइलमधला क्रम म्हणजे मेल ज्या क्रमाने आत पडले तो. यादी विषयानुसार लावली तरी फाइल हलत नाही. खात्री करायची तर ग्रेपने विषयाच्या ओळी काढून पाहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि हे आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या) खात्याच्या फोल्डरवर थेट करू नका. मेल संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय बंद असेल तर त्या फाइलमध्ये पूर्ण मजकूर नसतो. लोकल फोल्डरमध्ये कॉपी केल्यावर पूर्ण मेल उतरतो.

अर्धविराम

ईएमएलचा मार्ग घेतला. पहिल्याच फाइलवर "पॅच इज एम्प्टी". ती ०/७ निघाली, चुकून निवडली गेली होती. आता पुढे काय? सगळं परत करायचं का?

पोकळ_पॉइंटर

नाही. गिट एएम --स्किप. ०/७ हे प्रस्तावनेचं पत्र, त्यात लावण्यासारखं काही नसतं. प्रतिसादाचा मेल मध्ये आला तरी हीच त्रुटी येते, कारण त्यातल्या डिफच्या ओळींपुढे > असतं. असे बरेच मेल मध्ये येणार असतील तर --एम्प्टी=ड्रॉप दिलं की गिट ते स्वतःच सोडून देतं.

अर्धवट थांबलेलं असताना नव्याने गिट एएम चालवू नका. "प्रीव्हियस रीबेस डिरेक्टरी स्टिल एक्झिस्ट्स" म्हणून अडेल. आधी --स्किप, --कंटिन्यू किंवा --अबॉर्ट. अबॉर्टने शाखा सुरुवातीच्या जागी परत जाते.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशाला? पॅच -पी१ ला ईएमएल फाइल दिली की झालं. वरची हेडरं तो आपोआप वगळतो.

तिरपा_कंस

@सरळमार्गी, साध्या मेलवर चालतं, म्हणूनच ही सवय लागते आणि नंतर महागात पडते. मेल वाटेत क्वोटेड-प्रिंटेबल (मेलचा मजकूर सांकेतिक करायची एक पद्धत) होऊन आला तर प्रत्येक बरोबरचं चिन्ह =३डी झालेलं असतं आणि लांब ओळी शेवटी = लावून तोडलेल्या असतात. बेस६४ असेल तर डिफ दिसतच नाही, नुसती अक्षरांची भिंत. कोडमध्ये किंवा नावात इंग्रजीबाहेरचं एखादं अक्षर असलं तरी असं होऊ शकतं. पॅच ही आज्ञा यातलं काहीच उलगडत नाही, गिट एएम दोन्ही उलगडतं. कंट्रोल-यू दाबून मूळ मजकुरातून उचलणाऱ्यांनाही हेच लागू: तिथे टॅब वाचतील, पण =३डी तसंच येईल.

शिवाय पॅच -पी१ ने फक्त फाइली बदलतात. सात कमिटांचा एकच गठ्ठा होतो आणि लेखक म्हणून तुमचं नाव लागतं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव, तेही नकळत. गिट एएममध्ये लेखक तो राहतो, कमिटर तुम्ही.

जोडलेली .पॅच फाइल असेल तर गोष्ट निराळी. ती सेव्ह केली की बाइटन्‌बाइट तशीच मिळते. पहिली ओळ "फ्रॉम", मग लांबलचक हॅश (कमिटची ओळख) आणि १७ सप्टेंबर २००१ अशी असेल तर ती गिट फॉरमॅट-पॅचने केलेली, गिट एएमला द्या. ती तारीख कायम तीच असते, फाइल ओळखण्याची खूण म्हणून. पॅच त्या दिवशीचा नाही! नुसताच डिफ असेल तर गिट अप्लाय --इंडेक्स, आणि कमिट करताना --ऑथर देऊन खऱ्या लेखकाचं नाव.

अर्धविराम

तीन लागले. चौथ्यावर अडलं: "रिपॉझिटरी लॅक्स नेसेसरी ब्लॉब्स टू फॉल बॅक ऑन थ्री-वे मर्ज". -३ दिलं होतं.

झाडाचं_पान

डिफमध्ये "इंडेक्स" शब्दाने सुरू होणारी ओळ असते, दोन छोटे हॅश आणि मध्ये दोन टिंबं. डावा हॅश म्हणजे पाठवणाऱ्याकडे ती फाइल बदलण्याआधी नेमकी कशी होती त्याचा. सरळ लागत नसेल तर -३ तो ब्लॉब (फाइलचं गिटने साठवलेलं ते रूप) तुमच्या रेपॉझिटरीत शोधतं आणि त्यावरून तिहेरी जुळणी करतं. तो ब्लॉब तुमच्याकडे नाही, म्हणजे पाठवणाऱ्याने ज्या कमिटवर काम केलं ते तुमच्याकडे आलेलंच नाही. एक तर दुसऱ्या शाखेवर आहे, नाहीतर कुठेच प्रसिद्ध केलेलं नाही.

प्रस्तावनेच्या किंवा पहिल्या पॅचच्या तळाशी "बेस-कमिट:" अशी ओळ आहे का पाहा. असेल तर तो हॅश मिळवा (सगळे रिमोट फेच करा), आणि मुख्य शाखेवर झगडण्याऐवजी:

गिट एएम --अबॉर्ट
गिट स्विच -सी मालिका-व्ही२-मूळ <बेस-कमिट>
गिट एएम -३ ~/पॅच/*.ईएमएल
गिट रीबेस मेन

ज्या पायावर रचले त्याच पायावर सातही पॅच तक्रारीशिवाय लागतात. संघर्ष आलाच तर तो रीबेसमध्ये (कमिट नव्या पायावर हलवताना) येतो आणि तिथे गिटकडे पूर्ण माहिती असते. बेस-कमिट नसेल तर फेच केल्यावर गिट लॉग --ऑल --फाइंड-ऑब्जेक्ट=<डावा हॅश> चालवा. ती फाइल त्या रूपात कोणत्या कमिटने आली ते कळतं, पाय तिथेच कुठेतरी.

आणि पाठवणाऱ्याला सांगा, पुढच्या वेळी गिट फॉरमॅट-पॅच --बेस=ऑटो. शाखेला अपस्ट्रीम (जिच्याशी ती जोडलेली आहे ती मूळ शाखा) नेमलेली असली की झालं.

पोकळ_पॉइंटर

ब्लॉब आहेत पण ओळी खरोखरच भांडतात, असं झालं तर -३ फाइलमध्ये नेहमीच्या संघर्षखुणा टाकतं. सोडवा, गिट ॲड, गिट एएम --कंटिन्यू. गिट कमिट करू नका! कमिट एएम स्वतः करतं, मूळ संदेश आणि लेखक ठेवून. हाताने कमिट केलं की लेखक तुम्ही होता.

-३ न देता अडलं असेल तर फाइलींना काहीच झालेलं नसतं. गिट एएम --शो-करंट-पॅच=डिफ ने नेमका पॅच दिसतो. तो गिट अप्लाय --रिजेक्ट ला दिला की लागण्यासारखे तुकडे लागतात, उरलेले .रेज फाइलींत पडतात. ते हाताने बसवा आणि .रेज फाइली पुसून मगच ॲड, नाहीतर त्याही कमिटमध्ये जातात.

खिडकीवाला

विंडोजवरच्यांसाठी भर. सेव्ह केलेल्या ईएमएलमध्ये ओळींच्या शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपवणारी दोन अदृश्य अक्षरं; लिनक्समध्ये नुसतं एलएफ) असतं, पण त्याची चिंता नको. गिट एएम सीआर काढून टाकतं. पंचाईत उलट बाजूने होते, जेव्हा प्रकल्पातल्याच फाइली सीआर-एलएफ वाल्या असतात. मग सीआर काढल्यामुळे एकही ओळ जुळत नाही आणि दोन्हीकडे मजकूर तर एकसारखा दिसतो. तिथे --कीप-सीआर. मात्र मेल अखंड सीआर-एलएफ असताना हे दिलं आणि फाइली एलएफ असल्या तर नेमकं उलटं बिघडतं. आधी फाइल कशी आहे ते गिट एलएस-फाइल्स --ईओएल ने बघून घ्या.

बेस६४ मध्ये दडलेले सीआर मात्र आपोआप जात नाहीत, गिट नुसता इशारा देतं. तिथे --क्वोटेड-सीआर=स्ट्रिप.

आउटलुकची .एमएसजी फाइल गिटला देऊ नका, ते मेलचं मूळ रूप नव्हेच. "पॅच फॉरमॅट डिटेक्शन फेल्ड" हीच त्रुटी थंडरबर्डमधून .टीएक्सटी किंवा एचटीएमएल म्हणून सेव्ह केल्यावरही येऊ शकते. सेव्ह करताना विस्तार तपासा.

अर्धविराम

@झाडाचं_पान, बेस-कमिट होतं, ०/७ च्या तळाशी! एका सहकाऱ्याच्या शाखेवरचं. ती फेच करून सातही लागले. पण एक इशारा दिसला: "पॅच सेंट विथ फॉरमॅट=फ्लोड". आणि गिट लॉगमध्ये पाचव्या पॅचचा लेखक "अमुक व्हाया यादीचं नाव" असा आलाय.

तिरपा_कंस

फ्लोडचं आधी. मेलच्या हेडरमध्ये फॉरमॅट=फ्लोड असेल तर शेवटी स्पेस असलेली ओळ पुढच्या ओळीला जोडायची आणि स्पेसने सुरू होणाऱ्या ओळीपुढे पाठवताना आणखी एक स्पेस घालायचा, असा करार असतो (आरएफसी ३६७६, २००४). गद्याला छान, डिफला घातक, कारण डिफमधली प्रत्येक न बदललेली ओळ स्पेसनेच सुरू होते. अलीकडचं गिट हा करार शक्य तितका उलगडतं, म्हणून तुमचे पॅच लागले. पण ओळीच्या शेवटी मुळात असलेला स्पेस आणि फ्लोडचा स्पेस यांतला फरक कायमचा गेलेला असतो. मार्कडाउनच्या फाइलींत शेवटचे दोन स्पेस अर्थपूर्ण असतात, तिथे डोळ्यांनी तपासा. कोडमध्ये सहसा काही बिघडत नाही.

पाठवणारा थंडरबर्डवरूनच लिहीत असणार. त्याने कॉन्फिग एडिटरमध्ये मेलन्यूज.सेंड_प्लेनटेक्स्ट_फ्लोड फॉल्स आणि मेलन्यूज.रॅपलेंग्थ शून्य करावं, एचटीएमएल लेखन बंद करावं. त्याहून बरं, पॅच पाठवायला मेल प्रोग्रॅम वापरूच नये. गिट सेंड-ईमेल हे त्याचसाठी आहे. वाचायला आणि चर्चेला थंडरबर्ड उत्तम, पॅच पाठवायला नाही, हे माझं ठाम मत.

"व्हाया" चं कारण वेगळं. पाठवणाऱ्याच्या डोमेनचं डीमार्क (फ्रॉम पत्ता खरा आहे का ते तपासण्याचं) धोरण कडक असलं की काही मेलयाद्या फ्रॉम हेडर बदलून स्वतःचा पत्ता घालतात, नाहीतर पुढचे सर्व्हर मेल नाकारतात. गिट बिचारं हेडरवर विश्वास ठेवतं. मजकुराच्या अगदी पहिल्या ओळीत "फ्रॉम: नाव <पत्ता>" लिहिलेलं असेल तर गिट हेडर सोडून तेच धरतं. पाठवणाऱ्याने फॉरमॅट-पॅचला --फ्रॉम आणि --फोर्स-इन-बॉडी-फ्रॉम दिलं की ती ओळ नेहमी पडते.

तुमच्याकडे आता लागलेलं दुरुस्त करायला: गिट रीबेस -आय, पाचव्या कमिटवर एडिट, मग गिट कमिट --अमेंड --ऑथर="नाव <पत्ता>" --नो-एडिट, आणि रीबेस --कंटिन्यू. खरा पत्ता बहुधा कमिट संदेशाच्या शेवटी साइन्ड-ऑफ-बाय (सहीच्या) ओळीत सापडेल.

काळी_खिडकी

थंडरबर्डचं एवढं पुराण झालं म्हणून इतर मेल प्रोग्रॅमबद्दल थोडक्यात. मटमध्ये मेल टी ने टॅग करा, मग अर्धविराम (धागाकर्ते नव्हेत, चिन्ह), उभी रेघ आणि गिट एएम -३. पाइप_डीकोड बंद हवं, नाहीतर मट हेडर गाळून सोललेला मजकूर देतो. क्लॉज मेल प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्याच्या ॲक्शन्समध्ये गिट -सी <रेपॉझिटरीची वाट> एएम -३ %एफ (मोठा एफ) एवढं बसवलं की निवडलेले मेल एका क्लिकमध्ये लागतात. इव्होल्यूशनमध्ये अनेक मेल निवडून एका एमबॉक्समध्ये सेव्ह होतात.

मालिका लोर.कर्नल.ऑर्ग सारख्या सार्वजनिक संग्रहात असेल तर मात्र सेव्ह वगैरे विसरा. मेलमधून मेसेज-आयडी (हेडरमधली मेलची ओळख) उचला आणि बी४ हे साधन चालवा: बी४ एएम <आयडी>. तो पूर्ण चर्चा उतरवतो, त्यातली सर्वांत नवी आवृत्ती निवडतो, प्रतिसाद गाळतो, क्रम लावतो आणि लोकांनी उत्तरांत दिलेले रिव्ह्यूड-बाय (तपासल्याची नोंद) त्या त्या पॅचला जोडून गिट एएमसाठी तयार एमबॉक्स देतो. ही शेवटची सोय हाताने करायला सगळ्यात कंटाळवाणी.

झाडाचं_पान

बी४ ला -एम देऊन आपली एमबॉक्स फाइलही चालते. म्हणजे थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमध्ये प्रतिसादांसकट सगळी चर्चा कॉपी करायची, कॉम्पॅक्ट करायचं आणि ती फाइल मेसेज-आयडीसोबत बी४ ला द्यायची. खासगी यादी असेल तर हाच मार्ग.

अर्धविराम

लेखक दुरुस्त झाला. तेवढ्यात व्ही३ आलं. :) व्ही२ च्या शाखेवरच लावायचं का?

पोकळ_पॉइंटर

अजिबात नाही. व्ही३ म्हणजे व्ही२ वरची भर नव्हे, पूर्ण मालिका नव्याने. त्याचं बेस-कमिट बघून तिथून वेगळी शाखा, वेगळा रिकामा फोल्डर, आणि व्ही२ सारखंच शेवटी मेनवर रीबेस. मग गिट रेंज-डिफ मेन मालिका-व्ही२-मूळ मालिका-व्ही३. दोन आवृत्त्यांतला फरक पॅचनिशी दिसतो. ज्या पॅचपुढे बरोबरचं चिन्ह आहे ते पुन्हा वाचायची गरज नाही, उद्गारचिन्हवाले वाचा.